सावकाराचं चॅपेल

आजचा भाग ऐकण्याआधी एक छोटंसं काम करा. फोनवर 'जोत्तो' आणि 'पादुआ' एवढे दोन शब्द टाकून फोटो शोधा. एक लांबट खोली दिसेल. भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही, आणि वरचं छत गडद निळं, त्यावर सोनेरी चांदण्या. तो फोटो उघडा राहू द्या, कारण बोलताना मी अधूनमधून बोट दाखवणार आहे. बसमध्ये लोंबकळत ऐकत असाल तर राहू द्या, मी वर्णन करतोच.

पादुआ उत्तर इटलीत आहे, व्हेनिसपासून ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. तिथले लोक पादोवा म्हणतात. नाव ऐकून मराठी माणसाला जे हसू येतं ते मलाही स्टेशनवरच्या पाटीखाली आलं होतं. तुम्हीही एकदा हसून घ्या, मग पुढे जाऊ.

आजची गोष्ट सुरू होते शेजाऱ्यांच्या तक्रारीपासून. जानेवारी १३०५. पादुआतल्या एरेमितानी मठातले साधू एक लेखी निषेध नोंदवतात. त्यांचा शेजारी एन्रिको स्क्रोव्हेन्यी हा मोठा पैसेवाला माणूस. त्याला परवानगी मिळाली होती ती घरच्यापुरतं एक छोटं प्रार्थनाघर बांधायची. तो, त्याची बायको, त्याची आई आणि घरातली माणसं, बस. या पठ्ठ्याने तिथे चांगलं मोठं देऊळ उभं केलं. वर घंटांचा मनोरा! साधूंचं म्हणणं थोडक्यात असं, की हे देवाच्या गौरवासाठी चाललेलं नाही. हा डामडौल आहे, पोकळ बडेजाव आहे आणि यात कमाईचा हिशेब आहे.

आपल्या सोसायटीत गच्चीवर कुणी परवानगीशिवाय खोली काढली की सेक्रेटरीकडे जे पत्र जातं, तसंच हे पत्र. फक्त सातशे वर्षं जुनं. आणि ज्या बांधकामाबद्दल ही कटकट चालली होती, त्याच्या आत तेव्हा नुकतीच रंगवून झालेली किंवा शेवटचा हात फिरत असलेली चित्रं आज जगातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भित्तिचित्रांमध्ये मोजली जातात.

साधू उगाच कुरकुरत होते का? तसं वाटत नाही. आदल्याच वर्षी, मार्च १३०४ मध्ये, पोप अकरावे बेनेडिक्ट यांनी जाहीर केलं होतं की या चॅपेलला भेट देणाऱ्यांना पापाच्या शिक्षेत सूट मिळेल. म्हणजे गर्दी खेचायची पक्की सोय. गर्दी तिकडे गेली की दानही तिकडे. शेजारच्या मठाच्या पोटात दुखणं साहजिक होतं.

आता हा एन्रिको कोण? यासाठी आधी त्याच्या बापाकडे जावं लागेल.

बाप रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी. धंदा सावकारीचा. 'सावकार' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं ते मी वेगळं सांगायला नको. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली, ही आपल्याकडची आठवण आहे. तेराव्या शतकातल्या इटलीत तर सावकारीवर धर्माचीच बंदी होती. कर्ज दिलं तर मुद्दल परत घ्या, वरचा एक पैसाही पाप. का? तर त्या काळातले पंडित म्हणायचे की व्याज म्हणजे वेळेची विक्री, आणि वेळ तर देवाच्या मालकीचा. तो विकणारे तुम्ही कोण? ११७९ च्या धर्मसभेने ठरवून टाकलं होतं की उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती पद्धतीने दफन मिळणार नाही. आणि माफी हवी असेल तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही, ज्याचे पैसे घेतले त्याला ते परत करावे लागतात.

पादुआत हा प्रश्न आणखी दुखरा होता. हे संत अँथनींचं गाव. हो, तेच अँथनी, ज्यांच्या नावाची चर्चेस मुंबईपासून वसईपर्यंत दिसतात. १२३१ साली, म्हणजे ते वारले त्याच वर्षी, त्यांच्या विनंतीवरून पादुआच्या नगरसभेने एक नियम केला: कर्जदाराने आपली मालमत्ता देऊन टाकली असेल, तर उरलेल्या कर्जासाठी त्याला तुरुंगात डांबायचं नाही. अशा गावात स्क्रोव्हेन्यी घराणं व्याजावर गब्बर झालं.

आणि मग दांते आला. 'दिव्हिना कोमेदिया'च्या नरकाच्या भागात, सतराव्या सर्गात, दांते सावकारांना भेटतो. ते तापलेल्या वाळूत बसलेत, वरून आग पडतेय, आणि ते कुत्र्यांनी माश्या हाकलाव्यात तसे हात हलवतायत. कुणाचाच चेहरा ओळखू येत नाही. पण प्रत्येकाच्या गळ्यात पैशाची थैली आहे आणि थैलीवर घराण्याचं चिन्ह. त्यातल्या एका थैलीवर पांढऱ्यावर निळी गाभण डुकरीण. इटालियनमध्ये डुकरिणीला 'स्क्रोफा' म्हणतात, आणि स्क्रोव्हेन्यींचं चिन्ह तेच होतं. दांते नाव घेतच नाही. गरजही नव्हती, वाचणाऱ्याला कळत होतं. हा डुकरीणवाला आपण पादुआचा असल्याचं सांगतो आणि बोलून झाल्यावर बैलासारखी जीभ बाहेर काढून नाक चाटतो. इतका अपमान एखाद्या माणसाचा क्वचितच झाला असेल. सातशे वर्षं इटलीतली शाळकरी पोरं तो वाचतायत.

यात एक गंमत लक्षात घ्या. दांतेने हा भाग लिहिला तो चॅपेल उभं राहिल्यानंतर. म्हणजे पोराने एवढं करूनसुद्धा बापाचं नाव काही धुतलं गेलं नाही.

बरं, चॅपेलकडे येऊ. फेब्रुवारी १३०० मध्ये एन्रिकोने पादुआत एक जागा विकत घेतली. तिथे जुन्या रोमन काळातल्या रंगमंडलाचे, अरेनाचे अवशेष होते. म्हणून आजही याला अरेना चॅपेल म्हणतात. देवदूत गब्रिएल येऊन मरियेला सांगतो की तुला बाळ होणार आहे, तो दिवस २५ मार्च. दरवर्षी त्या दिवशी शहरातून मिरवणूक निघून याच अरेनात यायची आणि हा प्रसंग नाटकासारखा करून दाखवला जायचा. म्हणजे एन्रिकोने नुसती जमीन घेतली नाही, गावाच्या उत्सवाचं मैदान घेतलं. तिथे स्वतःचा वाडा बांधला आणि वाड्याला चिकटून चॅपेल. वाडा उत्तरेला होता, त्यामुळे चॅपेलला खिडक्या फक्त दक्षिणेच्या बाजूला आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात वाडा पाडला गेला. ती उत्तरेची सपाट भिंत तेवढी राहिली.

२५ मार्च १३०५ ला चॅपेलची प्रतिष्ठापना झाली. त्या दिवसासाठी व्हेनिसच्या सभेने सेंट मार्कच्या चर्चमधले भारी पडदे एन्रिकोला उसने देण्याचा ठराव केला होता. साधूंच्या तक्रारीनंतर अडीच महिन्यांत! माणसाची पोच कुठवर होती ते बघा.

आणि चित्रकार कोण निवडला, तर जोत्तो. फ्लॉरेन्सकडचा, तेव्हा पस्तीस-चाळिशीतला, आणि नाव झालेला.

मी तिथे गेलो तो नोव्हेंबरमध्ये, पावसात. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, वेळेचा मिनिटावर हिशेब. आधी तुम्हाला एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. कारण आपण बाहेरून ओल, धूळ आणि श्वास घेऊन आत येतो, आणि सातशे वर्षं जुन्या चुन्याला ते सोसत नाही. त्या खोलीतली हवा हळूहळू आतल्या हवेच्या बरोबरीला आणली जाते. मग दार सरकतं, पंचवीस जणांना आत सोडतात, पंधरा मिनिटांनी बाहेर.

आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती लहानपणाची. जेमतेम एकवीस मीटर लांब, साडेआठ मीटर रुंद. एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल याहून मोठा असतो. आणि त्यात चित्रांच्या तीन ओळी: वर मरियेच्या आईवडिलांची आणि मरियेची कथा, खाली येशूचं आयुष्य, त्याखाली मरण आणि नंतरचं. वरून खाली, गोल फिरत वाचत यायचं. चित्रकथीचा माणूस एकेक पोथीचं पान फिरवतो, तसं इथे आपणच फिरायचं.

हे सगळं ओल्या चुन्यावर रंगवलेलं आहे. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला वायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्याच्यातच कोंडला जातो. म्हणून एका दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. या तुकड्यांचे सांधे जवळून पाहिले तर दिसतात, आणि अभ्यासकांनी ते मोजलेत: सव्वासहाशेच्या आसपास. आपल्या अजिंठ्याला पद्धत उलटी होती, तिथे गिलावा वाळल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट पदार्थात रंग मिसळून लावले. जोत्तोलाही एका रंगासाठी तसंच करावं लागलं, निळ्यासाठी. तो ओल्या चुन्यात टिकत नाही, म्हणून वाळल्यावर वरून लावायचा. आणि वरून लावलेलं वरूनच निघतं. बऱ्याच ठिकाणी मरियेच्या निळ्या वस्त्राचे पोपडे उडालेत आणि खालचा रंग उघडा पडलाय.

पण लोक जोत्तोसाठी येतात ते तंत्रासाठी नाही. त्याच्या आधीच्या चित्रांमध्ये संत सरळ समोर बघत उभे असतात, सोनेरी पार्श्वभूमीवर, वजन नसल्यासारखे. जोत्तोची माणसं जमिनीवर पाय रोवून उभी आहेत आणि एकमेकांकडे बघतायत. पहिल्याच कथेत म्हातारा योआकिम, मरियेचा बाप, मूल नाही म्हणून देवळातून हाकलला जातो. घरी जायची लाज वाटते म्हणून तो रानात मेंढपाळांकडे येतो. मान खाली, अंगाभोवती वस्त्र आवळून घेतलेलं. त्याचा कुत्रा आनंदाने त्याच्यावर झेपावतोय. आणि दोन मेंढपाळ एकमेकांकडे बघतायत: याचं काय झालं? काय बोलायचं? आपल्या घरी कुणी नोकरी गमावून आलं की दारात जी अर्ध्या मिनिटाची शांतता होते ना, तीच. १३०५ साली.

आणि येशूचा मृतदेह मांडीवर घेतलेली मरिया. तो फोटो असेल तर मोठा करून बघा. पुढच्या बाजूला दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्यात. चेहरा दिसत नाही, नुसते वाकलेले खांदे. एवढी मोठी घटना, महागाचं काम, आणि चित्रकार दोन माणसं पाठमोरी रंगवतो! पण आपण अशा वेळी नेमके तिथेच असतो ना, मागच्या रांगेत, कुणाच्या तरी पाठीमागून बघत. वर छोटे छोटे देवदूत आकाशात अक्षरशः तडफडतायत, एक जण दोन्ही हात मागे फेकून रडतोय. उजवीकडून एक खडक उतरत आलाय, त्याची धार नजर थेट त्या दोन चेहऱ्यांवर आणून सोडते, आईच्या आणि मुलाच्या.

(मध्येच एक जाता जाता: ज्ञानी राजे बाळ येशूच्या दर्शनाला येतात त्या चित्रात आकाशात ताऱ्याऐवजी शेपटीचा आगीचा गोळा आहे. १३०१ साली हॅलेचा धूमकेतू दिसला होता, जोत्तोने तो पाहिला असणार असं बऱ्याच जणांचं मत. म्हणून १९८६ मध्ये हॅलेजवळून गेलेल्या युरोपीय यानाचं नाव 'जोत्तो' होतं.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. पैसा. या खोलीत एकदा पैसा शोधायला लागलात की तो जागोजागी दिसतो.

वेदीकडे तोंड करून उभे राहा. डावीकडच्या भिंतीवर शेवटी येशू देवळातून व्यापाऱ्यांना हुसकावतोय, मूठ उगारून. घाबरलेलं एक पोर मोठ्यांच्या कपड्यांत लपलंय. त्याला लागूनच, समोरच्या कमानीच्या डाव्या बाजूला, यहूदा. हातात थैली आली आहे, तीस नाण्यांची, आणि त्याच्या पाठीला काळा सैतान चिकटलाय, सावलीसारखा. म्हणजे चॅपेलमध्ये पाय टाकल्याबरोबर समोर पैसे घेणारा माणूस. कमानीवर, सगळ्यांत ठळक जागी.

खाली भिंतीच्या पायथ्याशी करड्या रंगात, दगडी मूर्ती वाटाव्यात अशा सात सद्गुणांच्या आणि सात दुर्गुणांच्या आकृती आहेत. त्यातलं प्रेम, म्हणजे दया, ही बाई पैशांच्या पोत्यांवर पाय देऊन उभी आहे. तिच्या समोर मत्सर: एक म्हातारी, पाय आगीत, मुठीत थैली आवळलेली, तोंडातून जीभ म्हणून साप निघालाय आणि तो वळून तिच्याच डोळ्यांवर येतोय. आणि आता मोजा. सात दुर्गुणांत मूर्खपणा आहे, चंचलपणा आहे, राग, अन्याय, अश्रद्धा, मत्सर, निराशा. लोभ नाही! सावकाराच्या चॅपेलमध्ये लोभालाच जागा नाही. थैली मत्सराच्या हातात देऊन टाकली. हे कुणी ठरवलं, एन्रिकोने, जोत्तोने की कुणा धर्मपंडिताने, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

मग मागे वळा. दाराच्या वरची अख्खी भिंत म्हणजे शेवटचा न्यायनिवाडा. मधोमध ख्रिस्त, त्याच्यापासून आगीची नदी निघून आपल्या उजव्या हाताला नरकात उतरते. तिथे निळसर, ढेरपोट्या सैतान माणसं गिळतोय. नीट बघितलं तर काही माणसं फासावर लटकतायत आणि फासाची दोरी म्हणजे त्यांच्याच पैशाच्या थैलीची दोरी. सावकार! जवळच यहूदा, पोट फाटून लटकलेला.

आणि डाव्या हाताला, वाचलेल्यांच्या बाजूला, क्रुसाच्या पायाशी गुडघे टेकलेला एक माणूस. जांभळ्या कपड्यांत, आणि जांभळा हा पश्चात्तापाचा रंग. हातात चॅपेलचं छोटं रूप, एक धर्मगुरू ते खांद्यावर पेलून मदत करतोय. समोर मरिया. हा एन्रिको. आकाराने संतांएवढा, चेहरा ओळखू यावा असा. त्याने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन, आपल्या बापाच्या जातीच्या माणसांना लटकवून घेतलं आणि त्याच भिंतीवर स्वतःला स्वर्गाच्या रांगेत बसवून घेतलं. निकाल लागायच्या आधीच.

बारीक नजरेने बघणारे सांगतात की त्याच्या हातातलं चॅपेल आणि प्रत्यक्षातलं चॅपेल तंतोतंत जुळत नाही. चित्रात ते जरा मोठं, जास्त डौलदार आहे. साधूंच्या तक्रारीमुळे आराखडा कापावा लागला, असं काहींचं म्हणणं आहे.

मी हे बघत उभा होतो, पंधरातली नऊ-दहा मिनिटं गेली असतील, आणि मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. आजवर हे पॉडकास्टवर बोललो नाही. आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप माझ्या पणजोबांनी बांधून दिलाय. पायरीच्या दगडावर त्यांचं नाव कोरलंय, साल कोरलंय. लहानपणी मला त्याचा कोण अभिमान! सुट्टीत मित्रांना मुद्दाम तिकडून न्यायचो. एकदा, मी अकरावीत असेन, एका मित्राच्या आजीने घरी चहा दिला आणि अगदी सहज, आवाज न चढवता म्हणाली, "तुझ्या पणज्यानं आमची विहिरीजवळची पट्टी घेतली बाबा. कागदावर अंगठा होता आमच्या सासऱ्याचा. त्यातलाच मांडव तो." मग म्हणाली, "साखर बेताची झालीय का?"

घरी विचारलं तर वडील म्हणाले, "त्या काळात सगळेच करायचे." आत्या म्हणाली, "देवाला दिलं ना शेवटी." काकांनी विषयच बदलला.

त्यामुळे पादुआत मला एन्रिकोवर हसता येईना. तुम्ही इंटरनेटवर वाचायला गेलात तर एक सोपी गोष्ट मिळेल: बापाच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून मुलाने चॅपेल बांधलं. गाइडही तेच सांगतात. ऐकायला छान आहे. पण यावर भांडण आहे, आणि ते जोरदार आहे. २००८ या एकाच वर्षी दोन पुस्तकं आली. अॅन डर्ब्स आणि मार्क सँडोना या अमेरिकी अभ्यासकांच्या पुस्तकाचं नावच 'सावकाराचं हृदय' अशा अर्थाचं आहे. भिंतींवर पसरलेल्या पैशाच्या या खुणा त्यांनी एकेक करून दाखवल्यात. दुसरं इटालियन इतिहासकार क्यारा फ्रुगोनी यांचं. त्याच्या नावाचा अर्थ 'एन्रिकोचा सर्वांत चांगला सौदा'. त्यांना प्रायश्चित्ताची ही गोष्ट पटत नाही. त्यांना दिसतो गावात आपलं स्थान पक्कं करू पाहणारा एक महत्त्वाकांक्षी माणूस.

मला विचाराल तर मी कुंपणावर बसणार नाही. मला वाटतं एन्रिको घाबरलेलाही होता आणि मिरवतही होता, आणि या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात. ज्याला नुसतं मिरवायचं असतं तो लटकलेले सावकार रंगवून घेत नाही. ज्याला नुसतं प्रायश्चित्त घ्यायचं असतं तो व्हेनिसहून पडदे मागवत नाही. पण एक गोष्ट मला त्या भिंतीवर कुठेच सापडली नाही. धर्माचा नियम काय होता? घेतलेले पैसे ज्याचे त्याला परत करा. निवाड्याच्या त्या अख्ख्या चित्रात एन्रिको मरियेला चॅपेल देतोय. मित्राच्या आजीच्या सासऱ्यासारखा एखादा कर्जदार, त्याच्या हातात त्याची थैली परत पडताना, असा प्रसंग नाही.

एन्रिकोला त्या चॅपेलचं सुख फार वर्षं मिळालं नाही. पादुआचं राजकारण फिरलं, करारा घराण्याची सत्ता आली आणि १३२० च्या सुमारास तो व्हेनिसला गेला तो परतला नाही. १३३६ मध्ये तिकडेच वारला. नंतर त्याला इथे आणून पुरलं. वेदीच्या मागे त्याची कबर आहे, वर संगमरवरात आडवा पडलेला म्हातारा एन्रिको. भिंतीवरचा तरणाबांड, जांभळ्यातला. आणि इथला सुरकुतलेला. वेदीवरची मरिया आणि दोन देवदूत जोव्हान्नी पिझानो या मोठ्या शिल्पकाराचे. बापाला ख्रिस्ती दफन नाकारता आलं असतं त्या नियमांच्या काळात मुलाने आपली कबर थेट वेदीमागे मिळवली.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. चॅपेल हातोहात फिरत गेलं, एकोणिसाव्या शतकात वाडा पाडल्यावर त्याची अवस्था वाईट झाली, आणि १८८० च्या सुमारास पादुआ नगरपालिकेने ते विकत घेतलं म्हणून वाचलं. ११ मार्च १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पादुआवर बॉम्ब टाकले. ज्या साधूंनी तक्रार केली होती, त्यांच्या एरेमितानी चर्चवर बॉम्ब पडला. तिथल्या एका चॅपेलमध्ये मांतेन्याची भित्तिचित्रं होती, त्यांचे हजारो तुकडे झाले. ते आजही कोड्यासारखे जुळवून भिंतीवर लावलेले दिसतात. जोत्तोचं चॅपेल तिथून चालत दोन मिनिटांवर. ते वाचलं. २००१-०२ मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली आणि २०२१ मध्ये पादुआतल्या इतर चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रांसोबत ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आपल्याकडे दान देणारा नाव पायरीवर कोरतो, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय त्यावर पडावेत म्हणून. पंढरपूरला नामदेव पायरी आहे, तीच भावना. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्या पायरीपाशी जरा थांबलो. साल जवळपास झिजून गेलंय, आडनाव अजून वाचता येतं. मित्राची आजी आता नाही. विहिरीजवळची ती पट्टी अजून आमच्याच सातबाऱ्यावर आहे. मी काकांपाशी विषय काढलाय. पुढे काय होतं ते घरात ठरेल तेव्हा ठरेल.

तर मंडळी, कधी पादुआला गेलात तर तिकीट आठवडाभर आधी काढा, ऐनवेळी मिळत नाही. आत गेल्यावर सगळे वेदीकडे धावतात आणि छताचे फोटो काढतात. तुम्ही उलटं करा. आधी दाराकडे वळा, खाली बघा, क्रुसाच्या डाव्या बाजूला जांभळा माणूस शोधा. मग उजवीकडे थैलीच्या दोरीने लटकलेले. या दोघांमध्ये जे अंतर आहे ना, ते मी पावलांनी मोजायला गेलो. सहा-सात पावलं झाली असतील, तेवढ्यात बाईंनी इटालियनमध्ये वेळ संपल्याचं सांगितलं, दार सरकलं आणि पलीकडे काचेच्या खोलीतले पुढचे पंचवीस जण उठून उभे राहिले.